लहान बंदरनगर : प्रवाशाच्या दृष्टीने

समुद्रकिनारी किंवा खाडीच्या मुखाशी, नैसर्गिक अथवा बांधीव आसऱ्याच्या जागी वसलेले, जहाजांच्या ये-जा आणि मालाच्या चढउतारावर वाढलेले, मात्र महाबंदराच्या आकाराला न पोहोचलेले शहर म्हणजे लहान बंदरनगर. लोकसंख्येचा आकडा सांगून त्याची सीमा आखता येत नाही. व्यवहारातली मोजपट्टी अशी, की धक्क्यापासून शहराच्या मागच्या टोकापर्यंत माणूस अर्ध्या-पाऊण तासात चालत जाऊ शकतो आणि आज धक्क्याला कोणते जहाज लागले आहे हे तेथल्या बहुतेकांना न विचारता ठाऊक असते. अशा शहराची भेट डोंगरी किंवा मैदानी शहराच्या भेटीहून एका बाबतीत वेगळी ठरते : त्याचा दर्शनी भाग पाण्याकडे असतो. रस्त्याने किंवा रेल्वेने येणारा प्रवासी परसदारातून आत शिरतो आणि दोन दिवस हिंडूनही पुष्कळदा परसदारच पाहून परततो.

प्रवासी आज ज्या लहान बंदरांना आवर्जून जातात, त्यांपैकी बऱ्याच बंदरांना एके काळी मोठेपण होते आणि पुढे ते ओसरले. ते का ओसरले हे समजल्याखेरीज शहर नीट पाहता येत नाही. नदीने आणलेला गाळ हे सर्वांत जुने कारण. आशिया मायनरमधील, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील, एफेसस हे रोमन काळात गजबजलेले बंदर होते. केस्टर नदीच्या गाळाने ते बुजत गेले आणि आज त्याचे अवशेष समुद्रापासून कित्येक किलोमीटर आत आहेत. बंदराकडे उतरणारा फरसबंद रस्ता शिल्लक आहे, तो जेथे संपतो तेथे समुद्र मात्र नाही. व्हिएतनाममधील होई आन येथे सोळाव्या ते अठराव्या शतकांत चिनी, जपानी व युरोपीय व्यापारी येत असत. थू बोन नदीचे पात्र गाळाने उथळ होत गेले आणि एकोणिसाव्या शतकात व्यापार जवळच्या दा नांगकडे वळला. भरभराट टिकली असती तर जुनी लाकडी घरे पाडून त्या जागी नवी इमारत चढवण्याचा मोह कोणाला आवरला नसता. ओहोटी लागल्यामुळे घरे तशीच राहिली आणि १९९९ मध्ये जागतिक वारसास्थळांच्या यादीत गेली.

दुसरे कारण जहाजांचा वाढता आकार. श्रीलंकेतील गॉल येथे एकोणिसाव्या शतकात आगबोटी कोळसा घेण्यासाठी व टपाल उतरवण्यासाठी थांबत. बंदराच्या तळाशी खडक होते आणि नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांत तेथील पाणी खवळत असे, तरी दुसरा सोयीचा थांबा नसल्याने ते चालून गेले. १८७५ मध्ये कोलंबोच्या लाटरोधक भिंतीची पायाभरणी झाली आणि ती उभी राहिल्यावर आगबोटींनी गॉलकडे पाठ फिरवली. डचांनी बांधलेला किल्ला, त्यातील आखीव गल्ल्या आणि वखारी मागे राहिल्या. मोरोक्कोमधील एसाउइरा, म्हणजे जुने मोगादोर, हे शहर अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सुलतान मोहम्मद बिन अब्दल्ला याने परदेशी व्यापारासाठी मुद्दाम वसवले होते. विसाव्या शतकात फ्रेंच अमलाखाली कासाब्लांकाचे बंदर वाढले आणि मोगादोरचा माल तिकडे गेला.

शेवटचा धक्का पोलादी खोक्यांनी दिला. २६ एप्रिल १९५६ रोजी ‘आयडियल एक्स’ हे जहाज ५८ कंटेनर घेऊन अमेरिकेतील न्यूअर्कहून ह्यूस्टनकडे निघाले, तेथून कंटेनर वाहतुकीचा काळ सुरू झाला असे मानतात. कंटेनरला खोल पाणी, उंच याऱ्या (क्रेन) आणि धक्क्यामागे मोकळे पटांगण लागते. टेकडी आणि पाणी यांच्या चिंचोळ्या पट्टीत दाटीने बसलेल्या जुन्या बंदरापाशी यांपैकी शेवटची गोष्ट तर कधीच नसते. परिणामी नवी गोदी शहरापासून दूर, सपाट जागी उभी राहिली आणि जुना धक्का मच्छीमार होड्या, फेरीबोटी आणि फिरायला आलेली माणसे यांच्याकडे आला. प्रवाशाला जी निवांतपणाची जागा वाटते ती अशा रीतीने व्यापाराने खाली केलेली जागा असते. कुलूपबंद वखार, गंजलेली यारी, धक्क्यावरच्या दगडात पुरलेले आणि मध्येच संपणारे रूळ या गोष्टी म्हणूनच जीर्णोद्धार केलेल्या दर्शनी इमारतींपेक्षा अधिक माहिती देतात.

शक्य असेल तेथे बंदरनगरात पाण्यावरून प्रवेश करावा, मग शेजारच्या गावाहून येणारी अर्ध्या तासाची फेरीबोट का असेना. बंदराच्या तोंडाशी तरंगणारे बोये, म्हणजे जहाजाची वाट दाखवणाऱ्या खुणा, आत येणाऱ्याच्या डाव्या हाताला लाल आणि उजव्या हाताला हिरवे असतात. उत्तर व दक्षिण अमेरिका, जपान, दक्षिण कोरिया आणि फिलिपाइन्स येथे मात्र याच्या नेमके उलट. जगभरातील नाना पद्धती मोडीत काढून या दोनच ठेवण्याचे १९८० मध्ये ठरले, पण त्या दोहोंची एक करणे काही जमले नाही. मोठे जहाज आत येत असेल तर बंदराचा पायलट, म्हणजे तेथले पाणी जाणणारा वाटाड्या, लहान बोटीतून जाऊन दोरशिडीने त्यावर चढताना दिसतो. त्यानंतर जहाजावर अर्धे पांढरे, अर्धे लाल असे निशाण चढते. साध्या पिवळ्या निशाणाचा अर्थ तर काळाबरोबर पालटला आहे. पूर्वी ते साथीच्या रोगाची खूण समजले जाई, आता ‘जहाजावर सर्व निरोगी आहेत, उतरण्याची परवानगी द्यावी’ अशी विनंती त्यातून केली जाते.

परक्या माणसाला आत कसे घ्यावे याचे नियम बंदरांनी फार पूर्वीपासून केलेले आहेत. चौदाव्या शतकातील प्रवासी इब्न बतूता याने पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील मोगादिशूची रीत नोंदवली आहे : जहाज येताच गावातले तरुण होड्यांतून सामोरे जात, प्रत्येकाच्या हाती झाकलेल्या अन्नाचे ताट असे आणि ते ज्या व्यापाऱ्यापुढे ठेवले तो त्या घरचा पाहुणा ठरे. यजमान त्याची उतरण्याची सोय करी आणि खरेदी-विक्रीही त्याच्याच मार्फत होई, म्हणजे आदरातिथ्य आणि अडत एकाच ताटातून वाढले जाई. इब्न बतूता व्यापारी नसून धर्मशास्त्री आहे असे कळल्यावर त्याला काजीकडे नेण्यात आले. त्याच शतकात एड्रियाटिक किनाऱ्यावरील रागुसा, म्हणजे आजचे दुब्रोव्हनिक, याने उलट टोकाचा नियम केला. १३७७ च्या या नियमानुसार प्लेग असलेल्या भागातून येणाऱ्यांना शहरात शिरण्यापूर्वी महिनाभर बाहेर ठरवून दिलेल्या जागी राहावे लागे. पुढे ही मुदत चाळीस दिवसांची झाली आणि इटालियनमधील चाळीस या संख्येवरून क्वारंटाइन हा शब्द रूढ झाला.

बंदरनगराचे वेळापत्रक घड्याळापेक्षा चंद्राकडे पाहून अधिक नीट कळते. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटे जातात; त्यामुळे आज सकाळी आठला पाणी चढले असेल तर उद्या ते नऊला दहा मिनिटे कमी असताना चढते. अमावास्या व पौर्णिमा यांच्या सुमारास उधाण येते, म्हणजे भरती अधिक चढते आणि ओहोटीही अधिक उतरते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते आणि पाण्याचा चढउतार कमी राहतो. दिवसातून दोन भरत्यांचा हा क्रम बहुतेक किनाऱ्यांवर आढळतो, मात्र काही समुद्रांत भरती एकदाच येते. चढउताराचे मानही ठिकाणागणिक फार बदलते. भूमध्य समुद्रात अनेक ठिकाणी तो अर्ध्या मीटरहूनही कमी असल्याने तेथील धक्के पाण्यालगत, जवळजवळ ओट्यासारखे असतात. याउलट फ्रान्समधील सँ-मालो येथे उधाणाच्या वेळी पाणी १२ मीटरांहून अधिक चढते-उतरते. तेथील ग्रां बे या बेटावर ओहोटीला पायी जाता येते. परतायला उशीर झाला तर पुढील ओहोटीपर्यंत बेटावरच मुक्काम पडतो. तेव्हा अशा शहरात पोहोचल्यावर पहिले काम म्हणजे बंदराच्या कचेरीबाहेर लावलेले भरती-ओहोटीचे कोष्टक पाहणे. फेरीबोटीची वेळ, पुळणीवरून चालत जाण्याची वाट आणि छायाचित्रात पाणी येणार की चिखल, या तिन्ही गोष्टी त्यावर अवलंबून असतात.

वाऱ्यांचाही असाच नेम आहे. दिवसा जमीन लवकर तापते आणि समुद्राकडून खारे वारे येतात; रात्री जमीन लवकर निवते आणि मतलई वारे समुद्राकडे वाहतात. शिडाच्या होड्या म्हणूनच पहाटेच्या मतलई वाऱ्यावर बाहेर पडत आणि दुपारनंतरच्या खाऱ्या वाऱ्यावर घरी येत. इंजिन आल्यावर ही सक्ती उरली नाही, तरी कित्येक ठिकाणी मासळीच्या लिलावाची वेळ जुन्याच सवयीने चालत आली आहे. लिलाव पाहणे हा बंदरनगरातील सर्वांत जिवंत अनुभव होय. मात्र तो पाहण्यासाठी मांडलेला कार्यक्रम नव्हे. तेथे ओल्या फरशीवरून वजनदार पेट्या ओढल्या जात असतात आणि सौदा काही क्षणांत मिटत असतो, म्हणून बघ्याने भिंतीशी उभे राहावे आणि छायाचित्र घेण्यापूर्वी विचारावे.

शहराची रचना मालाच्या वाटेने झालेली असते. जकात कचेरी पाण्याच्या अगदी कडेला, त्यामागे वखारी, मग व्यापाऱ्यांची घरे आणि उंचावर प्रार्थनास्थळ किंवा दीपगृह, असा क्रम थोड्याफार फरकाने पुष्कळ ठिकाणी सापडतो. मुख्य गल्ल्या धक्क्याला काटकोनात येऊन मिळतात, कारण हमालाला जवळची वाट हवी असते. होई आनमधील काही जुनी घरे एका रस्त्यापासून नदीकाठापर्यंत लांबच लांब पसरलेली आहेत : माल नदीच्या बाजूने आत येई आणि गिऱ्हाईक रस्त्याच्या बाजूने. वरच्या मजल्याच्या तक्तपोशीत ठेवलेल्या झडपेतून पुराच्या वेळी सामान वर ओढून घेता येते, आणि कोणत्या वर्षी पाणी कोठवर आले याच्या खुणा भिंतीवर नोंदलेल्या दिसतात. दीपगृह आत जाण्यास खुले असेल तर चढणे सोडू नये. समुद्रसपाटीपासून ३० मीटर उंचीवर उभे राहिले तर क्षितिज सुमारे २० किलोमीटरपर्यंत जाते, आणि खालून गोंधळाचा वाटणारा रस्त्यांचा गुंता वरून एका दृष्टिक्षेपात उकलतो.

चालत्या बंदरात सर्वत्र फिरता येत नाही. १ जुलै २००४ पासून जहाजे व बंदरे यांच्या सुरक्षेची आंतरराष्ट्रीय संहिता लागू झाल्यावर परदेशी वाहतूक हाताळणाऱ्या धक्क्यांना कुंपण, फाटक आणि ओळखपत्र आले. त्यापूर्वी जहाज पाहायला सहज धक्क्यावर जाणाऱ्या पिढीला हा बदल अजून खटकतो. नौदलाचा वावर असेल तेथे छायाचित्रणास बंदी असू शकते आणि तिची पाटी प्रत्येक कोपऱ्यावर लावलेली असेलच असे नाही. जेथे जाता येते तेथेही दोन गोष्टी जपाव्यात. जहाज बांधलेला ताणलेला दोर तुटला तर तो चाबकासारखा उलटतो आणि माणूस मारू शकतो, म्हणून त्याच्या रेषेत उभे राहू नये. लाटरोधक भिंतीवर खवळलेल्या समुद्रात चालू नये. दहा लाटा पायाशी फुटल्या म्हणून अकरावी माथ्यावरून जाणार नाही असे होत नाही. भूकंपप्रवण किनाऱ्यावर जमीन दीर्घकाळ हादरली किंवा ओहोटीची वेळ नसताना पाणी एकाएकी मागे हटले, तर उघडा पडलेला तळ पाहायला पुढे न जाता तत्काळ उंचावर जावे. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत गॉलचा किल्ल्याबाहेरील भाग उद्ध्वस्त झाला, तर डचांच्या तटबंदीने आतील वस्ती बऱ्याच अंशी वाचवली.

मुक्कामासाठी धक्क्यावरील खोली मोहक वाटते; पण बर्फाचा कारखाना, पहाटेची इंजिने आणि सीगल पक्षी यांची तयारी असेल तरच ती घ्यावी. दोन गल्ल्या मागे झोप चांगली लागते. वादळी हंगामात फेरीबोट रद्द होऊ शकते, म्हणून परतीच्या प्रवासापूर्वी एक दिवस मोकळा ठेवणे इष्ट.

अलीकडे लहान बंदरांपुढे प्रश्न उभा आहे तो क्रूझ जहाजांचा. काही हजार माणसे सकाळी एकदम उतरतात, मुख्य रस्ता भरून टाकतात आणि बहुधा संध्याकाळपर्यंत जहाजावर परततात. त्यांचे जेवण व मुक्काम जहाजावरच असल्याने शहराच्या वाट्याला गर्दीच्या मानाने कमाई थोडी येते. दुब्रोव्हनिकने २०१९ मध्ये जहाजांच्या संख्येवर मर्यादा घालण्याचा मार्ग धरला. अमेरिकेतील बार हार्बर येथील मतदारांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये दिवसाला १,००० प्रवाशांहून अधिक लोक उतरू नयेत असा कौल दिला. स्वतंत्रपणे येणाऱ्या प्रवाशाने जहाजांच्या आगमनाचे वेळापत्रक आधी पाहिले, तर त्याच रस्त्यावर त्याला अगदी वेगळे शहर भेटते. क्रूझ जहाज सुटल्यानंतरचे दोन तास विशेष चांगले. तेव्हा दुकानदार खुर्च्या बाहेर काढून बसतात आणि बोलायला मोकळे असतात.

निघतानाची बोट संध्याकाळची असेल तर मागच्या बाजूच्या डेकवर उभे राहावे. अनेक बंदरांत किनाऱ्यावर दोन दिवे एकामागे एक लावलेले असतात, पुढचा खाली आणि मागचा उंचावर. ते एकावर एक आलेले दिसले म्हणजे बोट खोल पाण्याच्या वाटेवर आहे असे समजते. काही ठिकाणी याच कामासाठी एखादा मनोरा आणि त्याच्या मागचा डोंगराचा सुळका धरतात. शहरात हिंडताना कारणाशिवाय उंच किंवा कारणाशिवाय पांढरी रंगवलेली वाटलेली इमारत अशा वेळी रेषेत येते आणि ती तेथे का बांधली हे कळते.