पीटचे कार्बन-१४ कालमापन

ध्रुवीय व उपध्रुवीय प्रदेशांतील पीटच्या थरांचे वय कार्बन-१४ या किरणोत्सर्गी समस्थानिकावरून (कार्बनच्या आपोआप क्षय पावणाऱ्या जड प्रकारावरून) ठरवून तेथील पूर्वीचे हवामान जाणून घेण्याची पद्धत. पीट म्हणजे पाणथळ जागी अर्धवट कुजून साचलेला वनस्पतींचा थर. उत्तरेकडील दलदलींत तो बहुतांशी स्फॅग्नम या मॉसचा (शेवाळासारख्या बुटक्या वनस्पतीचा) असतो. सोलापूरकडे पीट म्हटले की डाळिंबाच्या रोपवाटिकेतले कोकोपीट आठवते. ते नारळाच्या सोडणाचा भुसा. नावाखेरीज त्याचा येथे संबंध नाही.

पीट साचायला बारमाही तुंबलेले पाणी आणि हवेचा अभाव लागतो, थंडीचीही मदत होते. सोलापूरच्या काळ्या रानात यातले काहीच नाही. शिवाय ही जमीन उन्हाळ्यात भेगाळते, वरची माती भेगांतून खाली उतरते आणि पावसाने जमीन फुगली की भेगा मिटतात. स्वतःच स्वतःला नांगरणारी जमीन म्हणून तिचे कौतुक होते, पण थर वाचणाऱ्याची मात्र ती पंचाईत करते. जुने-नवे सारे एक होऊन जाते. दलदलीत कोणी नांगरत नाही. दरसाल जेमतेम अर्धा ते एक मिलिमीटर भर पडते, म्हणजे मीटरभर खाली गेले की हजार ते दोन हजार वर्षे मागे जाता येते.

पीटमध्ये हवामानाची नोंद असते हे कार्बन-१४ च्या आधीपासून ठाऊक होते. नॉर्वेचे अ‍ॅक्सेल ब्लिट आणि नंतर स्वीडनचे रुटगर सेर्नांडर यांनी दलदलींतल्या गडद-फिकट थरांवरून कोरड्या व ओल्या काळांचा क्रम लावला होता. क्रम कळला, वर्षे कळेनात. ती अडचण अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ विलर्ड लिबी यांच्या कार्बन-१४ पद्धतीने दूर केली. १९४९ मध्ये तिची पडताळणी प्रसिद्ध झाली व १९६० मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. विश्वकिरणांमुळे वातावरणात सतत कार्बन-१४ तयार होतो, वनस्पती तो हवेतून घेते, आणि मेल्यावर त्याची आवक थांबते. मग असलेला ठरावीक गतीने घटत जातो, म्हणून किती उरला यावरून वय निघते. त्याचे अर्धायुष्य, म्हणजे निम्मा उरायला लागणारा काळ, ५,७३० वर्षे असल्याने सुमारे ५०,००० वर्षांनंतर मोजण्याइतका तो उरत नाही.

खरा पेच मोजणीत नसून काय मोजायचे यात आहे. जुन्या पद्धतीत कित्येक ग्रॅम कार्बन लागे, म्हणून पीटचा जाडसर तुकडाच घ्यावा लागे. त्यात वरून शिरलेली कोवळी मुळे असतात, पाण्याबरोबर झिरपलेली ह्यूमिक आम्लेही (कुजण्यातून बनणारी द्रव्ये) असतात. खऱ्या ४०,००० वर्षांच्या नमुन्यात अवघा १ टक्का आजचा कार्बन मिसळला तरी वय ३३,००० च्या आसपास भरते. उलट, चुनखडीच्या पाण्यात बुडून वाढणारे मॉस पाण्यातला जुना कार्बन शोषते आणि आहे त्याहून म्हातारे दिसते. १९७७ नंतर त्वरक (कणांना प्रचंड वेग देणारे यंत्र) वापरून अणू थेट मोजता येऊ लागले आणि मिलिग्रॅमभर कार्बन पुरेसा ठरला. तेव्हापासून सूक्ष्मदर्शकाखाली स्फॅग्नमची पाने-देठ वेचून, आम्ल-अल्क-आम्ल असे धुऊन मोजण्याची रीत रूढ झाली.

आणखी एक दुरुस्ती मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीवरून चटकन समजते. ज्वारीची प्रकाशसंश्लेषणाची तऱ्हा मॉसहून निराळी असल्याने ती जड कार्बन (कार्बन-१३ व १४) तुलनेने अधिक घेते. एकाच वर्षीची ज्वारी आणि मॉस दुरुस्तीविना मोजले, तर ज्वारी दोन-अडीचशे वर्षांनी तरुण ठरेल. म्हणून कार्बन-१३ मोजून सर्व नमुने एका मापावर आणतात. हाच फरक उपयोगीही पडतो: नीलगिरीच्या दऱ्यांतील पीटमध्ये ज्वारीच्या तऱ्हेची गवते कधी वाढली व कधी हटली, हे पाहून तेथील पूर्वीचे कोरडे-ओले काळ ओळखले गेले.

हाती येणारे वय कच्चे असते. हवेतील कार्बन-१४ सदैव सारखा नव्हता, म्हणून ते वृक्षवलये वगैरेंशी ताडून पाहावे लागते. उत्तर गोलार्धासाठी इंटकॅल२० आणि दक्षिणेसाठी एसएचकॅल२० हे वक्र, म्हणजे कच्च्या वयावरून खरे वर्ष काढण्याचे आलेख, वापरतात. कच्ची १०,००० वर्षे ताडल्यावर सुमारे ११,५०० होतात. 'आज' म्हणजे १९५० हा संकेत आहे. बातम्यांत छापलेले वय कच्चे की ताडलेले हे क्वचितच सांगितलेले असते. इ.स.पू. ८०० ते ४०० या काळात वक्र जवळजवळ सपाट होतो, म्हणजे निरनिराळ्या वर्षांचे कच्चे वय जवळपास एकच येते. तेथे एकट्या नमुन्याचे काही चालत नाही, एकाखालच्या एक थरांची मालिकाच बसवावी लागते.

वय फक्त 'केव्हा' सांगते. ओल किती होती हे पीटमध्ये सापडणाऱ्या कवचधारी अमीबांच्या (सूक्ष्म एकपेशीय जीवांच्या) जाती सांगतात, आणि सेल्युलोजमधील ऑक्सिजनच्या समस्थानिकांतूनही पाण्याविषयी व तापमानाविषयी धागा मिळतो. उत्तर ध्रुवाभोवतीच्या दलदलींच्या तळाची वये एकत्र केली तेव्हा १२,००० ते ८,००० वर्षांपूर्वी त्या झपाट्याने पसरल्याचे दिसले. तेव्हा तिकडचा उन्हाळा आजच्यापेक्षा प्रखर होता.

कॅनडातील बॅफिन बेटावर वितळत्या बर्फाच्या कडेला जागच्या जागी उघडे पडणारे मॉस हे पीट नव्हे, पण पद्धत तीच. बर्फाखाली ते मेले ती वेळ मोजता येते. अशा वयांचा एक पुंजका इ.स. १२७५ ते १३०० मध्ये आणि दुसरा १४३० ते १४५५ मध्ये पडतो. लघुहिमयुगाची, म्हणजे काही शतके चाललेल्या थंडीच्या काळाची, सुरुवात त्यावरून ताडली गेली. पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरातला चौऱ्यांशीचा शिलालेख शके ११९५ ते ११९९ चा, म्हणजे पहिल्या पुंजक्याच्या तोंडाशीच कोरलेला. शिलालेखात शक लिहिलेला आहे. मॉसचा काढावा लागतो.

अंटार्क्टिकाच्या बाजूला स्फॅग्नमऐवजी पॉलिट्रायकम आणि कोरिसोडोन्टियम यांचे ढीग साचतात आणि खालून गोठतात. एलिफंट बेटावरील ढिगाचा तळ सुमारे ५,५०० वर्षांचा आहे. साइनी बेटावरचे, दीड हजारांहून अधिक वर्षे गोठलेले मॉस प्रयोगशाळेत ऊब मिळताच पुन्हा फुटले. अगदी वरच्या थरांसाठी अणुबॉम्बच्या चाचण्यांतून हवेत वाढलेला कार्बन-१४ कामी येतो: १९६३ च्या सुमारास उत्तर गोलार्धाच्या हवेतील कार्बन-१४ जवळजवळ दुप्पट झाला होता, आणि दक्षिणेकडील मॉसमध्येही तो उंचवटा थोड्या उशिराने उमटलेला सापडतो.