फास तोडणं आणि फास काढणं

'तार तोडून बिबट्या पळाला, सुटला!' शिकारीसाठी लावलेल्या तारेच्या फासात अडकलेल्या बिबट्याबद्दल हे वाक्य वाचलं की जीव तुटतो. तार तुटली ती खुंटीपासून. गळ्यातला किंवा कमरेतला फास घेऊनच तो जंगलात गेला. तो सुटलेला नाही.

रिकाम्या फासाबद्दल थोडक्यात, कारण इंदूरजवळच्या चोरल, जानापावच्या जंगलांकडे नेहमी फिरणाऱ्यांना ते ठाऊक असतं: फोटो, लोकेशन, वन विभागाला फोन. एक फास दिसला की त्याच कुंपणाला, त्याच पायवाटेला पुढेमागे आणखी शोधा. तार घरी नेऊ नका. शिकारीत वापरलेला सापळा 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या कलम 39 नुसार सरकारजमा होतो, आणि तो पुरावाही आहे. 'डुकरासाठी लावला होता' हे उत्तर तर अजिबात ऐकून घेऊ नये. रानडुकरालाही संरक्षण आहे, आणि त्याच वाटेनं बिबट्याही जातो.

जनावर अडकलेलं असेल तेव्हा मात्र खरा घोटाळा होतो. फासाचे भाग तीन: वेटोळं, तार ज्यातून सरकते तो डोळा, आणि खुंटीला किंवा झाडाला बांधलेलं टोक. तार पुष्कळदा मोटरसायकलची क्लचवायर असते, म्हणजे बारीक पोलादी तारांचा पीळ. डिसेंबर 2022 मध्ये मध्य प्रदेशातल्या पन्ना जिल्ह्यात अशाच तारेच्या फासात वाघ झाडाला लटकलेला सापडला. त्याचं वजनही तारेनं पेललं. जनावर ओढतं तसं वेटोळं आवळतं. ओढ थांबली तरी ते सैल पडेलच असं नाही, कारण डोळ्यापाशी तार मुडपून अडकते.

लोक दया येऊन लांबून बांधलेलं टोक कापतात. जनावर धावत सुटतं, सगळे टाळ्या वाजवतात. पुढे अंग सुजतं, तार मांसात रुतते, जखमेत अळ्या पडतात. पिल्लू असेल तर ते वाढतं, तार वाढत नाही. कमरेला फास असला तर वरून जखम लहान दिसते, आतल्या अवयवांना मार बसलेला असतो. मरण येतं ते काही दिवसांनी, कुणाच्या नजरेस न पडता.

म्हणून कापायचं ते वेटोळंच, आणि तेही पशुवैद्यानं जनावर बेशुद्ध केल्यावर. तोवर गर्दी लांब, आवाज बंद. धडपड वाढली की फास आणखी आवळतो. वन विभागाच्या रेंज ऑफिसला किंवा इंदूरच्या नवरतनबागेतल्या वन विभागाच्या कार्यालयाला फोन करताना फास शरीराच्या कोणत्या भागाला आहे, कशाला बांधलाय, किती वेळ झाला, हे आधी सांगा. घरची पक्कड इथे उपयोगाची नाही. तिच्यानं पीळ चपटा होतो, तुटत नाही. केबल कटर हवा, आणि कापताना तारेखाली चपटी पट्टी सरकवायची, म्हणजे कातडी वाचते.

फास निघाल्यावरही पिंजऱ्याचं दार उघडायची घाई नको. तासन्‌तास झटापट केलेल्या जनावराचे स्नायू आतून फाटतात, त्यांतलं द्रव्य रक्तात मिसळून मूत्रपिंडं निकामी करू शकतं. या बाबतीत नीलगाय आणि चितळ विशेष नाजूक. जनावर उठून चालू लागलं एवढ्यावर भागत नाही. सोडायचं कधी, हे पशुवैद्यानंच ठरवायचं.