मशीन नंतर आली, आधी प्रश्न बदलला

सुपरकॉम्प्युटरवर लाखो इलेक्ट्रॉनांचं सिम्युलेशन झालं अशी बातमी आली की सगळं कौतुक मशीनचं होतं, पण खरी गोष्ट बरीच जुनी आहे. इलेक्ट्रॉन कसे वागतात ते सांगणारं श्रोडिंगरचं समीकरण १९२६ चं, आणि भौतिकशास्त्रज्ञ डिरॅकने १९२९ मध्येच लिहून ठेवलं होतं की नियम सगळे कळलेत, फक्त गणितं सुटण्यापलीकडची आहेत.

म्हणजे किती, तर लोखंडाचा एकच अणू घ्या. २६ इलेक्ट्रॉन, प्रत्येकाचे तीन कोऑर्डिनेट, झाले ७८, आणि प्रत्येकासाठी फक्त १० पॉइंट धरले तरी वेव्ह फंक्शनच्या (म्हणजे त्या समीकरणाचं उत्तर, ज्यात सगळ्या इलेक्ट्रॉनांची माहिती एकत्र असते) टेबलात १० चा ७८ वा घात इतके आकडे! हे साठवायला हार्ड डिस्क कुठून आणणार, विश्वातलं मटेरियल पुरायचं नाही. भौतिकशास्त्रज्ञ वाल्टर कोन यालाच एक्स्पोनेन्शियल भिंत म्हणायचा.

हा कोन मूळचा व्हिएन्नाचा ज्यू, १९३९ ला मुलांना वाचवणाऱ्या ट्रेनमधून इंग्लंडला पोचला, आईवडील मात्र आउश्वित्झच्या नाझी छळछावणीत मारले गेले. १९६४ मध्ये पॅरिसला होहेनबर्गबरोबर त्याने सिद्ध केलं की ग्राउंड स्टेटसाठी, म्हणजे सगळ्यात कमी एनर्जीच्या अवस्थेसाठी, वेव्ह फंक्शनच्या मागे लागायची गरजच नाही, इलेक्ट्रॉन कुठे किती दाट आहेत एवढी डेन्सिटी पुरते, म्हणजे कोऑर्डिनेट फक्त तीन, मग इलेक्ट्रॉन २६ असोत की २६ लाख. पुढच्याच वर्षी शॅमबरोबर हे प्रत्यक्ष कसं काढायचं तेही दिलं. हीच डेन्सिटी फंक्शनल थिअरी, म्हणजे डीएफटी. (भौतिकवाल्या माणसाला १९९८ चं नोबेल मिळालं ते केमिस्ट्रीचं, पोपलबरोबर.)

पण हत्ती गेला आणि शेपूट अडकलं. डीएफटीत एक्सचेंज-कोरिलेशन नावाची एक टर्म उरते, इलेक्ट्रॉनांच्या एकमेकांवरच्या क्वांटम परिणामांची, तिचा नेमका फॉर्म्युला कुणाकडेच नाही. इथे कॉम्प्युटर खरा कामाला आला. १९८० मध्ये सेपर्ली आणि आल्डर यांनी सगळीकडे सारख्याच दाट पसरलेल्या नुसत्या इलेक्ट्रॉन गॅसची एनर्जी क्वांटम माँटे कार्लोने काढली, म्हणजे रँडम आकडे टाकत टाकत, आणि पेर्ड्यू-झुंगरने १९८१ ला त्यातून वापरायला सोपा फॉर्म्युला बसवला. माझ्या मते या सगळ्या इतिहासात मशीनचं सगळ्यात मोठं योगदान हेच, बाकी नंतरचे रेकॉर्ड.

रेकॉर्डही कमी नाहीत म्हणा. साध्या पद्धतीत अणू दुप्पट केले की काम आठपट होतं, त्यामुळे १९९८ ला लोखंडाचे १,०२४ अणू म्हणजे सुपरकॉम्प्युटिंगचं गॉर्डन बेल प्राइझ, २०११ ला जपानच्या के कॉम्प्युटरवर सिलिकॉन नॅनोवायरचे एक लाखावर अणू, आणि २०२३ ला अमेरिकेच्या फ्रंटियर सुपरकॉम्प्युटरवर मॅग्नेशियमच्या मिश्रधातूतले सहा लाखांहून जास्त इलेक्ट्रॉन. या शेवटच्या टीमचा लीडर अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाचा विक्रम गाविनी, आणि बंगळुरूच्या आयआयएससीचे लोकही त्यात होते.

शेपूट अजून अडकलेलंच आहे. सिलिकॉनचा बँडगॅप, म्हणजे इलेक्ट्रॉनला मोकळं वाहतं करायला लागणारी किमान एनर्जी, मोजला तर १.१ इलेक्ट्रॉनव्होल्ट, आणि साधं डीएफटी देतं त्याच्या जवळपास निम्माच, मग कॉम्प्युटर कितीही मोठा घ्या.