चीनचा लिआंग आणि हाँगकाँगचा लिआंग एक नाहीत हो

चिनी वजनांवर आपल्याकडे कोणी काही लिहिलं की "जिन म्हणजे अर्धा किलो, लिआंग म्हणजे ५० ग्रॅम" एवढं टाकून मोकळे होतात. चीनच्या मुख्य भूमीपुरतं ते बरोबर आहे, शांघायला भाजी घेतलेल्या माणसाला हे सांगायला नको, आणि कोणी गोंगजिन म्हणालं तर तो पूर्ण किलो, एवढं लक्षात ठेवा आणि पुढे चला. पण हेच वाक्य उचलून हाँगकाँग, तैवान, सिंगापूरलाही लावतात तेव्हा माझं डोकं फिरतं.

हाँगकाँगचा जिन, म्हणजे इंग्रजीतली कॅटी, ६०४.७९ ग्रॅमची. सिंगापूरचीही तेवढीच. तैवानचा जिन ६०० ग्रॅमचा. इथपर्यंत लोकांना कळतं, आणि इथेच घात होतो, कारण जिन मोठा म्हणजे लिआंगही मोठा असणार असं धरून चालतात. उलटं आहे! लिआंग (इंग्रजीत टेल) चीनमध्ये ५० ग्रॅम, हाँगकाँगला ३७.८ आणि तैवानला ३७.५. जिथे जिन मोठा तिथेच लिआंग लहान.

आपला शेर कसा सोळा छटाकांचा होता, तसाच जुना जिन सोळा लिआंगचा. चीनने १९५९ मध्ये सोळाचे दहा केले, बाकीचे सोळावरच राहिले, हा उलटा प्रकार त्यातूनच आला. त्याआधी चीनमध्ये जिन ५०० ग्रॅमचाच पण सोळा लिआंगचा होता, म्हणजे लिआंग ३१.२५ ग्रॅम, त्यामुळे १९५० च्या आसपासचा मजकूर वाचताना ५० ने गुणू नका, प्लीज. आणि गंमत बघा, "बान जिन बा लिआंग", अर्धा जिन नि आठ लिआंग, म्हणजे दोघं एकाच माळेचे मणी, ही म्हण चीनमध्ये आजही सर्रास वापरतात, जरी तिथे आता अर्ध्या जिनात पाचच लिआंग बसतात.

माझ्या ओट्यावर तैवानच्या ऊलाँग चहाचं पाकीट आहे, वर १५० ग्रॅम छापलंय. शंभर नाही, दोनशे नाही, दीडशेच का? कारण ते चार लिआंग आहेत, साडेसदतीस चोक दीडशे. चीनमध्ये चार लिआंग चहा मागितला तर २०० ग्रॅम मिळेल. त्यामुळे दोन्हीकडचा "चार लिआंगचा भाव" शेजारी ठेवून स्वस्त-महाग ठरवणं साफ चूक आहे, आधी ग्रॅममध्ये आणा.

हाँगकाँगला सोन्याचा टेल अजून वेगळा, ३७.४२९ ग्रॅम. आपल्याकडे तोळा ११.६६ ग्रॅमचा असून सराफ १० ग्रॅमलाच तोळा म्हणतात, त्यामानाने हा फरक किरकोळ.

दुकानात गोंधळलात तर सरळ विचारा, जिनात लिआंग किती? सोळा म्हणाला तर जिन सहाशेच्या घरातला, दहा म्हणाला तर पाचशेचा.