लॉजचा ‘ज्वेल’ आणि बोटातली अंगठी

फ्रीमेसन म्हणजे गवंडीकामाची अवजारं प्रतीकं म्हणून वापरणाऱ्या एका जुन्या बंधुसंघटनेचे सभासद. या मंडळींच्या बोलण्यात ‘ज्वेल’ शब्द आला की ऐकणाऱ्याला हिरे-माणकं आठवतात. प्रत्यक्षात हा ज्वेल म्हणजे गळ्यातल्या रुंद पट्ट्याला लटकवलेलं धातूचं चिन्ह असतं, आणि त्यातली मुख्य चिन्हं आहेत चक्क गवंड्याची अवजारं. लॉजच्या (राहण्या-जेवणाच्या नव्हे, मेसनांच्या शाखेच्या) मास्टरच्या, म्हणजे प्रमुखाच्या, गळ्यात गुण्या, त्याच्या खालोखालच्या सीनियर वॉर्डनच्या गळ्यात पाणसळ, ज्युनियर वॉर्डनच्या गळ्यात ओळंबा. आपल्याकडच्या कुठल्याही मिस्त्रीच्या थैलीत हे तिन्ही निघतील. फक्त मेसनांची पाणसळ जुन्या धाटणीची, तिच्यात पाण्याची नळी नसते. मधोमध लोंबणाऱ्या दोऱ्यावरून पातळी बघायची. सेक्रेटरीच्या गळ्यात दोन लेखण्यांची फुली, खजिनदाराच्या गळ्यात किल्ली, आणि दाराबाहेर पहारा देणाऱ्या टायलरच्या गळ्यात तलवार.

ज्याला आपण दागिना म्हणू ती गोष्ट वेगळीच. बोटातली अंगठी, कोटावरची पिन, शर्टाची कफलिंक. त्यावर गुण्या आणि कंपास एकमेकांत गुंफलेले असतात. कंपास म्हणतात खरं, पण दोन्ही पायांना टोकं आणि पेन्सिलीचा पत्ता नाही, म्हणजे शाळेच्या भाषेत ते कर्कटकच. मध्ये इंग्रजी ‘जी’ अक्षर असेल तर घडण बहुधा अमेरिकी वळणाची. इंग्लंडात ते अक्षर अशा पिनवर क्वचितच दिसतं.

दोन्हींवर गुण्या असतो आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. अंगठीवरचा गुण्या सांगतो, ‘हा मेसन आहे.’ गळ्यातला गुण्या सांगतो, ‘यंदा खुर्चीवर हा आहे.’ अंगठी माणसाची, ज्वेल पदाचा. स्टेशनवरच्या हमालाच्या दंडावरचा पितळी बिल्ला आठवा. तो हौसेनं कुणी मिरवत नाही. तो कामाचा असतो.

इंग्लिश परंपरेत मास्टर साधारण वर्षभरासाठी असतो. नवा मास्टर बसवण्याच्या रात्री जुन्याच्या गळ्यातला पट्टा उतरवून नव्याच्या गळ्यात घालतात. म्हणून तिथे गुण्या, पाणसळ आणि ओळंबा या तिघांना ‘चल ज्वेल’ म्हणतात, कारण ते एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जातात. अमेरिकेत नेमकं उलट: याच तिघांना ‘अचल’ म्हणतात! तिथला युक्तिवाद असा की माणसं बदलली तरी ज्वेल त्या-त्या खुर्चीलाच चिकटून राहतात. मला विचाराल तर दोघं एकच गोष्ट सांगतायत, फक्त एकजण माणसाकडून बघतोय आणि दुसरा खुर्चीकडून. ज्वेल आपल्या मालकीचा नाही, यावर दोघांचंही एकमत.

म्हणूनच तो घालून बाहेर फिरायचं नाही. इंग्लंडच्या ग्रँड लॉजचा, म्हणजे तिथल्या लॉजांच्या मध्यवर्ती संस्थेचा, नियम स्पष्ट आहे: मेसनांचा कमरेला बांधायचा एप्रन, पट्टा, ज्वेल घालून सार्वजनिक ठिकाणी किंवा मेसन नसलेल्या लोकांपुढे यायचं तर आधी खास परवानगी काढायची. मिरवणूक आणि अंत्ययात्राही त्यातून सुटलेल्या नाहीत. अंगठीला असली आडकाठी नाही; ती ऑफिसात, लग्नात, भाजी घेताना कुठेही चालते.

मामला अडतो तो माजी मास्टरच्या ज्वेलपाशी. वर्ष पुरं झालं की लॉज त्याला छातीवर लावायचा एक ज्वेल भेट देतं. त्यात बहुधा गुण्याला लटकलेली एक छोटी आकृती असते, ती युक्लिडचं सत्तेचाळिसावं प्रमेय, म्हणजे आपलं शाळेतलं पायथागोरसचं. हा ज्वेल परत द्यायचा नसतो, त्यावर नावही कोरलेलं असतं. मग तो दागिना झाला का? नाही. मालकी त्याची, पण जागा लॉजमधलीच. पुतणीच्या रिसेप्शनला तो सुटावर लावून जाणं म्हणजे घोळच.

अंगठीबाबत वाद आहे तो दिशेचा. कर्कटकाची टोकं स्वतःकडे असावीत की समोरच्याकडे? यावर मेसन मंडळी तासन्‌तास बोलू शकतात, पण सगळीकडे लागू असा नियम कुणी केलेला नाही. तिसरी पदवी, म्हणजे ‘मास्टर मेसन’ (लॉजचा मास्टर वेगळा), मिळेपर्यंत अंगठी घालू नये असा संकेत मात्र बऱ्याच ठिकाणी पाळतात.

मुंबईत हे सगळं परकं नाही. भारतीयांना प्रवेश मिळावा म्हणून 1843 मध्ये इथेच ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे लॉज निघालं, आणि सुरुवातीच्या भारतीय मेसनांत पारशी पुढे होते. 1961 मध्ये भारताची स्वतंत्र ग्रँड लॉज झाली, तरी काही लॉज इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंडच्या छत्राखालीच राहिली. स्कॉटिश लॉज आपापल्या एप्रनचा रंग स्वतः ठरवतात. त्यामुळे रंगावरून पद ओळखायला जाल तर फसाल. गळ्यात काय लटकतंय ते बघा.

मेसनांच्या जुन्या घरांत आजोबांची अंगठी कपाटात निघते आणि नातू कौतुकानं बोटात घालतो. तो मेसन नसेल तर शिष्टाचारानुसार घालू नये, जपून ठेवावी. कॅलिफोर्नियात तर हक्क नसताना अशा संस्थांची चिन्हं फसवण्याच्या हेतूनं मिरवणं हा कायद्यानं गुन्हा आहे. पण त्याच कपाटात निळ्या पट्ट्यासकट गुण्या सापडला, तर त्यावर आधी लॉजचं नाव किंवा क्रमांक शोधा. तो बहुधा आजोबांचा नसेलच, परत द्यायचा राहिलेला असेल.