एक एलईडी विझतच नाही? आधी कोड बघा
(आर्डुइनो उनो या प्रोग्राम करता येणाऱ्या बोर्डच्या किटसोबतचं माहितीपत्रक)

किटमधले आठ एलईडी ओळीने लुकलुकावेत म्हणून नवीन शिकणारा बहुधा असं लिहितो: पिन 2 चालू, 200 मिलिसेकंद थांबा, पिन 2 बंद. मग याच तीन ओळी पिन 3 साठी, 4 साठी, अशा थेट 9 पर्यंत चिकटवायच्या. झाल्या 24 ओळी. पहिल्या दिवशी यात काहीच गैर नाही. दिवे पळताना दिसले की मुलांचे चेहरे खुलतात, तेच महत्त्वाचं.

घोळ होतो तो चिकटवताना. चालू करताना 6 केलं, बंद करताना मात्र 5 तसाच राहिला, की सहावरचा एलईडी पेटलेलाच राहतो. कोड व्याकरणात बरोबर असल्यामुळे एररही येत नाही. मग वाटतं, बोर्डच खराब!

म्हणून त्या तीन ओळी एकदाच लिहा आणि त्यांचं फंक्शन करा, म्हणजे नावाने हवं तेव्हा बोलावता येणारा कोडचा तुकडा. नाव द्या ‘लुकलुक’ (कोडमध्ये रोमन अक्षरांत), आणि पिनचा नंबर त्याला बाहेरून द्या. हे फंक्शन सेटअप (सुरुवातीला एकदाच चालणारं) आणि लूप या दोन्ही तयार फंक्शनांच्या महिरपी कंसांबाहेर लिहायचं. आता चालू-बंद दोन्हींसाठी एकच नंबर वापरला जातो. वेग वाढवायचा असेल तर 200 चे 80 एकाच जागी करायचे, आठ जागी नाही.

‘लुकलुक’ आठदा लिहिण्याऐवजी फॉर लूप (तेच काम ठरावीक वेळा करून घेणारी रचना) वापरा: 2 पासून सुरुवात, 9 पर्यंत, दर फेरीला एक वाढवा. आर्डुइनोचा ‘लूप’ हे सतत चालणारं फंक्शन आहे, फॉर लूप वेगळा. नावामुळे गोंधळू नका. अटीत ‘लहान किंवा समान’ हवं. नुसतं ‘लहान’ लिहिलंत तर नववरचा एलईडी कधीच पेटणार नाही. सेटअपमधल्या पिनमोडच्या (पिन आउटपुटसाठी आहे हे सांगणाऱ्या) आठ ओळीही अशाच एका फॉर लूपमध्ये मावतात. पिन ओळीने नसतील तर त्यांचे नंबर एका यादीत, म्हणजे अ‍ॅरेमध्ये ठेवा. आठ नंबरांची मोजणी तिथे 0 ते 7 अशी होते.

तरीही एखादा एलईडी ऐकत नसेल, तर तो काढून शेजारच्या एलईडीशी अदलाबदल करा. लांब पाय पिनच्या बाजूला आणि 220 ओहमचा रेझिस्टर जागेवर असू द्या. बिघाड जुन्याच पिनवर राहिला तर कोड किंवा वायर तपासा. एलईडीबरोबर सरकला तर तो एलईडी आमच्याकडे आणा, बदलून देऊ.