वादळात छप्पर का उडते?

चक्रीवादळाची बातमी आली की एक सल्ला हमखास कानावर पडतो : घराच्या खिडक्या थोड्या उघड्या ठेवा, म्हणजे आतला आणि बाहेरचा दाब सारखा राहील आणि छप्पर उडणार नाही. जून २०२० मध्ये 'निसर्ग' रायगडच्या किनाऱ्याकडे येत होते तेव्हा माझ्या एका जवळच्या, चांगल्या शिकलेल्या नातेवाइकांनी फोनवर मला हेच सांगितले. सल्ला चुकीचा आहे, आणि धोकादायकही. का, ते समजून घ्यायला फिलिपिन्सच्या उत्तर टोकाला जाऊ.

लुझोन आणि तैवान यांच्यामध्ये बातानेस नावाची लहान लहान बेटे आहेत. लोकसंख्या एकोणीस हजारांच्या आत. इथल्या इवातान लोकांनी टायफूनशी, म्हणजे तिकडच्या चक्रीवादळांशी, जुळवून घेत सगळा संसार रचला आहे. शेतात मुख्य पीक कंदांचे, कारण रताळी आणि सुरण जातीचे कंद जमिनीखाली वाढतात, वाऱ्याच्या हाती लागत नाहीत. शेतांच्या बांधांवर बोरूसारख्या गवताची जिवंत कुंपणे, वारा अडवायला. जहाजे आठवडे-आठवडे येऊ शकत नाहीत म्हणून डुकराचे मांस मीठ लावून चरबीत बुडवून ठेवतात, ते महिनोन्‌महिने टिकते. पण सगळ्यांत बघण्यासारखी आहेत ती घरे. चुन्यात बांधलेल्या दगडी भिंती, काही ठिकाणी जवळपास एक मीटर जाड, वर गवताने शाकारलेले जाड, तीव्र उताराचे छप्पर. खिडक्या लहान, आणि जिकडून सर्वांत जोराचा वारा येतो त्या भिंतीला खिडकीच नाही.

१४ सप्टेंबर २०१६ च्या पहाटे 'मेरांती' हा टायफून यांतल्या इत्बायत बेटावरून गेला. त्याचा सततचा वारा ताशी २२० किलोमीटरच्या घरात होता आणि केंद्रातला दाब ८९० मिलिबारपर्यंत उतरला होता. एरवी समुद्रसपाटीला तो १०१३ असतो.

आता तो दाबाचा सल्ला तपासू. फरक १२३ मिलिबारचा, म्हणजे छपराच्या प्रत्येक चौरस मीटरवर आतून बाहेर सुमारे सव्वा टन. एवढ्याने कोणतेही घर फुटेल हे खरे, पण घर हवाबंद डबा असेल तरच. वादळ जवळ येते तसा दाब काही तासांत उतरतो. तेवढ्या वेळात घरातली जेमतेम १२ टक्के हवा बाहेर पडायची असते, आणि दाराखालची फट, कौलांमधल्या सापटी हे काम आपोआप करतात. आतला दाब बाहेरच्याच्या मागोमाग खाली येतो. त्यासाठी खिडकी उघडायची काही गरज नाही.

छप्पर उचलतो तो वाहता वारा. त्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो : वेग दुप्पट, तर जोर चौपट. 'निसर्ग'चा वारा ताशी ११० किलोमीटर धरला तर समोरच्या भिंतीच्या चौरस मीटरवर साधारण ५५ ते ६० किलो वजनाइतका रेटा येतो. मेरांतीच्या वेगाला तो सव्वादोनशे किलो होतो.

भिंतीवर आपटलेला वारा वर चढतो आणि छपराच्या कडेवरून पुढे निघतो. तिथे त्याला एकदम वळता येत नाही. वेगात आलेली गाडी वळणावर बाहेर फेकली जाते तसा तो कडेपासून सुटतो आणि छपराच्या वरून उडी मारल्यासारखा जातो. त्या उडीच्या खाली, छपराला लागून, घुमत राहिलेल्या हवेचा एक पट्टा तयार होतो. तिथला दाब आजूबाजूपेक्षा कमी असतो. म्हणून छपरावर ओढ लागते, वरच्या दिशेने. ती सगळीकडे सारखी नसते. कडेला आणि कोपऱ्यांवर सर्वांत जास्त. पत्र्याचे छप्पर कोपऱ्यापासून सोलत जाते ते यामुळेच. चौरस मीटरला पत्र्याचे वजन पाचेक किलो आणि मेरांतीसारख्या वाऱ्यात ओढ दोनशेच्या आसपास, तेव्हा वजनाच्या भरवशावर पत्रा राहूच शकत नाही. त्याला धरून ठेवतात ते फक्त हूक आणि स्क्रू. आपल्याकडे पावसासाठी ठेवलेल्या लांब वळचणीला तर वरून ओढ आणि खालून रेटा, दोन्ही एकदम बसतात.

उतार बदलला की चित्र बदलते. छप्पर सुमारे ३० अंशांहून जास्त उभे असेल तर वाऱ्याकडच्या पाखावर ओढीऐवजी रेटा येतो, छप्पर उलट खाली दाबले जाते. ओढ उरते ती पलीकडच्या पाखावर. घर चौपाखी असेल तर वाऱ्यासमोर त्रिकोणी उभी भिंतही येत नाही. बातानेसच्या एका प्रकारच्या घरांची छपरे अशी चौपाखीच असतात. एवढे करूनही गवताचे वजन पुरत नाही, म्हणून वादळ येण्याआधी छपरावर दोरांचे जाळे टाकून ते खाली घट्ट बांधतात.

आता खिडकी. वाऱ्याकडची खिडकी उघडी असली किंवा फुटली, तर वारा घरात शिरतो आणि बाहेर पडायला जागा न मिळाल्याने आतला दाब वाढतो. वरून दोनशे किलोंची ओढ होतीच, तिच्यात आतून जवळपास तेवढाच रेटा मिळतो : चौरस मीटरला चारशे किलो. खिडकी उघडा म्हणणारा माणूस छपरावरचा भार दुप्पट करायला सांगत असतो. वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची खिडकी उघडली तर? कागदावर ते चालेल, कारण तिकडे ओढ असते आणि आतला दाब कमी होतो. पण वादळाचा डोळा डोक्यावरून गेला की वारा उलट बाजूने येतो, आणि मघाची सुरक्षित खिडकी वाऱ्याच्या तोंडावर येते. पहाटे दोनला, अंधारात, ती बंद करायला जाणार कोण? इवातान घरांना जाड लाकडी झडपा आहेत, आणि त्या सगळ्या लावून घेतात.

या घरांचे फोटो हल्ली 'हजारो वर्षांचे पारंपरिक ज्ञान' अशा ओळीखाली फिरतात. ते मला पटत नाही. चुन्यातले दगडी बांधकाम इथे स्पॅनिश राजवटीबरोबर आले, आणि ती राजवट बातानेसमध्ये १७८३ मध्ये सुरू झाली. त्याआधी १६८७ मध्ये विल्यम डॅम्पियर हा इंग्रज दर्यावर्दी इथे येऊन गेला. त्याने पाहिलेली घरे कुडाची होती. भिंती जेमतेम साडेचार फूट आणि आढे सात-आठ फुटांवर. मला ही जुनी घरेही तितकीच हुशारीची वाटतात. जमिनीच्या घर्षणामुळे खालचा वारा मंद असतो. मोकळ्या माळावर दहा मीटर उंचीवर जो वेग असतो त्याच्या पाऊण हिस्साच दोन मीटरवर असतो, आणि वर्गाच्या नियमाने जोर जवळपास निम्मा होतो. इवातानांनी आधी वाऱ्याच्या खाली राहून पाहिले, मग नवे साहित्य मिळाल्यावर त्याच्यासमोर उभे राहिले. लोक शिकतात ते असे, पिढ्यांच्या अनुभवातून आणि बाहेरून आलेल्या गोष्टी आपल्याशा करून.

या शिकण्याची किंमत २७ जुलै २०१९ ला कळली. पहाटे ५.४ आणि सकाळी ५.९ तीव्रतेचे दोन भूकंप इत्बायतला बसले. दगडी घरे कोसळली, जुने चर्च मोडले, नऊ माणसे गेली. मेरांतीतून वाचवणारा गुणच इथे उलटला. हिशेब साधा आहे. एक मीटर जाड आणि अडीच मीटर उंच भिंतीचे वजन लांबीच्या दर मीटरमागे साडेपाच टन. मेरांतीचा वारा तिला साडेपाचशे किलोंनी ढकलतो, म्हणजे वजनाच्या दहाव्या हिश्श्याने. भूकंपात मात्र आडवा जोर वजनाच्याच प्रमाणात येतो. जमीन गुरुत्वत्वरणाच्या तीन दशांशाने हलली तरी तो दीड टनाच्या वर जातो, वाऱ्याच्या तिप्पट. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत दगड-मातीच्या जाड भिंतींनी काय केले ते आपल्याला माहीत आहे.

किल्लारीनंतर अशा घरांसाठी सुचवलेले दोन उपाय बातानेसलाही लागू पडतात. भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या दगडांना जोडणारे आरपार दगड घालायचे, आणि भिंतींच्या माथ्यावरून घराभोवती सलग काँक्रीटचा पट्टा फिरवायचा, म्हणजे चारही भिंती एकत्र हलतात. याच पट्ट्यात पोलादी पट्ट्यांनी वासे पक्के करता येतात. सहा मीटर रुंद घराची खिडकी फुटलीच, तर छपराची ओढ, दोन बाजूंच्या भिंतींत वाटली जाऊन, भिंतीच्या दर मीटरमागे सव्वा टन भरेल. तिच्या खाली बांधलेली भिंत साडेपाच टनांची आहे.